'नाही' म्हणण्याआधी : विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेव काउंटरवर काम करताना

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : "मॅडम, कमवा आणि शिका योजनेतून मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात काउंटरवर काम मिळालं आहे. सोमवारपासून जायचं आहे. नक्की काय करावं लागतं? बसल्या बसल्या स्वतःचा अभ्यास होतो का? मी हिंगोलीकडचा आहे, इंग्रजी बोलायला अडखळतो, काउंटरवर जमेल का?"

अभ्यासाचं आधी सांगून टाकते. होत नाही. परीक्षा संपल्यानंतरच्या दुपारी थोडीफार पानं होतील, पण त्यावर भिस्त ठेवू नकोस. काउंटरवर पुस्तकात डोकं घालून बसलेल्या माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही. लोक येतात, दोन क्षण उभे राहतात आणि निघून जातात. ते गेलेले तुला कळतही नाहीत. अभ्यासाची वेळ काउंटरवरच्या तीन तासांच्या बाहेरच धर.

मी स्वतः एम.ए. करताना याच योजनेतून ग्रंथालयात आले. पुढे ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि गेली २२ वर्षं देवघेव विभागात आहे. या योजनेची मुळं कर्मवीर भाऊराव पाटलांपर्यंत जातात. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या या माणसाने १९४७ साली साताऱ्यात कॉलेज सुरू केलं, तेच मुळी पोरांनी श्रम करावेत आणि शिकावं या तत्त्वावर. म्हणून काउंटरवर बसताना 'आपण गरजू म्हणून आपल्याला बसवलंय' असं मनात आणू नकोस. तू तिथे कामाला आहेस. तुझ्या कामाने एखाद्याचा दिवस सुधारतो किंवा बिघडतो.

आता काम काय. दिवसभरात तुझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा जाणारा शब्द 'नाही' असेल. पुस्तक नाही, कॉपी शिल्लक नाही, हे बाहेर जात नाही, आज मुदतवाढ नाही. माझं तुला एकच सांगणं आहे : तो 'नाही' खरा असला पाहिजे. आणि त्याच्यापुढे आणखी एक वाक्य असलं पाहिजे. पुढे जे जे सांगते आहे ते सगळं त्याचसाठी.

सुरुवात मशीनपासून करू. बहुतेक ठिकाणी पुस्तकांची आणि देवघेवीची नोंद ठेवणारी कोहा किंवा सोल यांपैकी एखादी संगणक प्रणाली असते. सोल ही गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राची. कोहा न्यूझीलंडमध्ये तयार झाली, २००० सालापासून वापरात आहे आणि कोणालाही मोफत घेता येते. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ही माहिती कामाची नाही, पण मला ती आवडते. कामाची गोष्ट ही की हातातला बारकोड स्कॅनर काही शहाणा नसतो. तो फक्त कीबोर्डसारखा आकडा टाईप करतो आणि एंटर मारतो. कर्सर ज्या चौकटीत असेल तिथे तो आकडा जाऊन बसतो. 'टुक' आवाज आला म्हणजे पुस्तक जमा झालं, असं अजिबात समजू नकोस. स्क्रीनवर पुस्तकाचं नाव दिसलं का, ते हातातल्याच पुस्तकाचं आहे का, हे दर वेळी बघायचं. रांग असताना होणारी आणखी एक चूक म्हणजे आधीच्या मुलीचं खातं उघडं राहतं आणि मागच्या मुलाची पुस्तकं तिच्या नावावर चढतात. तिला हे सहा महिन्यांनी, नो ड्यूज म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला घ्यायला आल्यावर कळतं. म्हणून इश्यू करताना नाव मोठ्याने वाच. आडनाव पुरे. समोरचा "नाही हो, मी तो नाही" म्हणाला तर तिथेच थांबता येतं.

नो ड्यूजचं एवढं मनावर का घेते, ते सांगते. आमच्या वेळी कॉम्प्युटर नव्हता. प्रत्येक पुस्तकाच्या खिशात एक कार्ड असे. पुस्तक दिलं की ते कार्ड वाचकाच्या तिकिटात घालून, परतीच्या तारखेच्या मागे ट्रेमध्ये लावायचं. पुस्तक परत आलं की तारीख बघून कार्ड शोधायचं आणि तिकीट वाचकाला द्यायचं. मी एक कार्ड चुकून दुसऱ्या महिन्याच्या तारखेमागे लावलं. पुस्तक परत करायला आलेल्या मुलीचं कार्डच सापडेना. तिला दुसऱ्या दिवशी हॉस्टेल सोडून गावी जायचं होतं आणि नो ड्यूजशिवाय अनामत रक्कम मिळणार नव्हती. ती वाद घालत नव्हती, नुसती उभी होती. आमच्याकडचे एक जुने अटेंडंट काका ग्रंथालय बंद झाल्यावर माझ्यासोबत बसले आणि ट्रेमधलं एकेक कार्ड काढत गेले. रात्री कधीतरी ते सापडलं. काका मला एक शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "कार्ड लावताना बोट तारखेवर ठेवत जा." आता कार्ड नाही, ट्रे नाही. पण स्क्रीनवरच्या नावावर माझं बोट अजून जातं.

परत आलेलं पुस्तक वाचकासमोरच उघडून बघायचं. फाटलेलं पान, गायब नकाशा, पाण्याचा डाग, जे असेल ते तेव्हाच दाखवायचं आणि तेव्हाच वरिष्ठांना सांगायचं. वाचक गेल्यावर दिसलेली खराबी कोणाच्याच माथी मारता येत नाही, मारूही नये. पावसाळ्यात ओली पुस्तकं येतात. ती उन्हात ठेवू नकोस, पानं वेडीवाकडी होतात आणि बांधणी सुटते. पानांमध्ये टिपकागद किंवा साधा कोरा कागद घालून पंख्याखाली ठेवायची, थोड्या थोड्या वेळाने कागद बदलायचे. गुळगुळीत चकचकीत कागदाचं पुस्तक असेल तर लगेच वरिष्ठांकडे दे. ती पानं वाळताना एकमेकांना चिकटतात आणि मग सुटत नाहीत.

यानंतरचं काम पुस्तकं जागेवर लावण्याचं. नवी मुलं याला हमाली समजतात. मला विचारशील तर ग्रंथालयातलं सगळ्यात जबाबदारीचं काम हेच. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर 'उपलब्ध' दिसतं आणि रॅकवर नसतं. त्याच्यासाठी येणारा प्रत्येक वाचक अर्धा तास शोधतो आणि शेवटी तू त्याला खोटा 'नाही' सांगतोस.

बहुतेक विद्यापीठांत पुस्तकांना विषयवार आकडे देण्याची ड्यूईची दशांश पद्धत आहे. पुस्तकाच्या पाठीवर जो आकडा असतो तो बोधांक. त्याच्याखाली बहुधा लेखकाच्या आडनावाची अक्षरं असतात. आत शिक्क्यासोबत लिहिलेला दाखलांक वेगळा. तो त्या एका प्रतीचा असतो. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर बोधांक एक, दाखलांक पाच. हे दोन आकडे पहिल्या दिवशीच वेगळे ओळखायला शिक.

बोधांकात सगळ्यात जास्त चुका दशांश चिन्हाच्या पुढे होतात. ३३०.९५४ आणि ३३०.९६ ही दोन पुस्तकं हातात आली तर आधी कोणतं? नव्या मुलांपैकी बरीच जण ३३०.९६ आधी लावतात, कारण ९५४ पेक्षा ९६ लहान. पण हा पूर्णांक नाही, शाळेतला दशांश अपूर्णांक आहे. एकेक अंक पुढे जात वाचायचं. ९ आणि ९ सारखे, मग ५ आणि ६. पाच आधी. म्हणून ३३०.९५४ आधी.

आकडे घोकायची गरज नाही, त्यांची ओळख होते. ९५४ म्हणजे भारताचा इतिहास. तेच ५४ दुसरीकडेही शेपटासारखं लागतं : ३३०.९५४ भारताची आर्थिक स्थिती, ३२०.९५४ भारताचं राजकारण, ९१५.४ भारताचा भूगोल. मराठी भाषा ४९१.४६ आणि मराठी साहित्य ८९१.४६. त्याच्यापुढे १ आला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी. म्हणजे मराठी कादंबऱ्या ८९१.४६३ ला. हे लक्षात आलं की रॅकमधून चालताना गावातल्या आळ्यांमधून चालल्यासारखं वाटायला लागतं. रोज वीस मिनिटं कोणताही एक कप्पा घेऊन डावीकडून उजवीकडे नुसते बोधांक वाचत जा. चुकलेलं पुस्तक आपोआप डोळ्यांत खुपतं. आणि पुस्तक काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नकोस, तिथेच बांधणी तुटते. शेजारची दोन पुस्तकं किंचित आत ढकल आणि मधलं पकडून काढ.

आता तुझ्या खऱ्या काळजीकडे येते. काउंटरवर बोलणं.

समजा एक मुलगी येते आणि विचारते, "इकॉनॉमिक्सची पुस्तकं कुठे आहेत?" तू बोट दाखवलंस, "दुसरा मजला, ३३०." उत्तर बरोबर आहे. ती वर जाईल, तिथे रांगाच रांगा बघेल, हाताला लागेल ते एखादं पाठ्यपुस्तक घेईल आणि खाली येईल. त्याऐवजी एवढंच विचार : "कशासाठी हवंय?" ती म्हणेल, "सेमिनार आहे." "विषय?" "सहकारी साखर कारखाने." आता गोष्ट बदलली. सहकार ३३४ ला आहे. शेतीचं अर्थकारण ३३८.१ ला. ऊस हे पीक म्हणून ६३३ मध्ये आणि साखर बनवण्याचं तंत्र ६६४ मध्ये. तिला हवं आहे ते मुख्यतः ३३४ ला सापडेल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रवरेच्या कारखान्यावर काही हवं असेल तर ते चरित्रांमध्येही मिळू शकतं. एक विषय चार रॅकवर विखुरलेला असतो आणि हे वाचकाला कळायला काही मार्ग नसतो. तो मार्ग म्हणजे तू.

"कशासाठी हवंय" हा प्रश्न मात्र चौकशीच्या सुरात विचारायचा नाही. सरकारी कचेरीत 'कशाला पाहिजे?' म्हणतात, तसा तो ऐकू आला तर माणूस मिटतो. मी असं म्हणते : "विषय सांगितलात तर नेमका कप्पा सांगते." म्हणजे का विचारतेय ते आधी सांगते. आणि कोणी सांगायला कचरला तर तिथेच थांबते. आजारावरचं, घटस्फोटाच्या कायद्यावरचं, मानसिक त्रासावरचं पुस्तक मागणाऱ्याला तर काहीच विचारायचं नाही. बोधांक लिहून द्यायचा आणि शक्य झालं तर कप्प्यापर्यंत सोडायचं.

कधी कधी हातात येते ती फक्त खूण. "लाल कव्हरचं होतं." "सरांनी वर्गात दाखवलेलं." अशा वेळी हसू नकोस. कोणत्या सरांनी, कोणता पेपर, जाड की बारीक, मराठी की इंग्रजी, एवढं विचारलं की बऱ्याचदा सापडतं. अभ्यासक्रमातल्या पुस्तकांची यादी विभागाकडून मागून काउंटरवर ठेव. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

कॉम्प्युटरवर मराठी पुस्तक शोधताना एक मेख आहे आणि ती तुझ्यासारख्या मुलालाच पटकन कळेल. बऱ्याच ग्रंथालयांत जुन्या मराठी पुस्तकांची नोंद रोमन लिपीत झालेली आहे, नव्यांची देवनागरीत. रोमनमध्ये फडके दोन तऱ्हांनी लिहिले जातात, वाघमाऱ्यांचा 'वा' कोणी व्हीने लिहितं, कोणी डब्ल्यूने. एका स्पेलिंगने शोधून "पुस्तक नाही" म्हणायचं नाही. देवनागरीत बघ, रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी बघ, मग नुसत्या शीर्षकातल्या एका शब्दाने बघ. तरी नाही मिळालं तर मराठी जाणणाऱ्या वरिष्ठांना विचार. ही शोधाशोध मी कितीतरी वेळा केली आहे, आणि 'नाही' म्हणून सांगितलेलं पुस्तक रॅकवर निवांत उभं असलेलं पाहिलं आहे.

तुझ्या इंग्रजीचं म्हणशील तर काउंटरला येणाऱ्यांमध्ये तुझ्यासारखे खूप आहेत. गावाकडून आलेला मुलगा पहिले काही दिवस दारातून आत बघतो, काउंटरवर पँटशर्टातला साहेब दिसला की मागे फिरतो. वर्ष संपलं तरी कार्ड न काढलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना पैशाची अडचण नव्हती, विचारायचा धीर नव्हता. तुझ्या बोलण्यात परभणी-हिंगोलीचा सूर असेल तर तो तसाच राहू दे. त्या सुरात "काय पायजे रं?" ऐकून एखादा पोरगा पुढे येईल, जो माझ्याकडे कधीच आला नसता. परदेशी किंवा परप्रांतीय विद्यार्थी आला तर कागदावर लिहून दाखव, बोधांक सगळ्यांना सारखाच वाचता येतो. आणि दारात घुटमळणाऱ्याकडे बघायची सवय लाव. तो विचारायच्या आधी तू विचार.

आता तो खरा 'नाही', जो ठामपणे म्हणायचाच आहे.

काउंटरच्या स्क्रीनवर प्रत्येकाचं नाव, विभाग, मोबाईल नंबर, हॉस्टेलचा पत्ता, घेतलेली पुस्तकं, सगळं दिसतं. आज ना उद्या कोणीतरी येईल आणि सहज म्हणेल, "हे पुस्तक कोणाकडे आहे? सांग ना, मी त्याच्याकडून घेतो." विचारणारा तुझा मित्र असेल, किंवा एखादे प्राध्यापक असतील. सांगायचं नाही. कारण एकदा नाव सांगितलं की कोण काय वाचतं हे चारचौघांत जातं. आमच्याकडे एका मुलीचा नंबर अशाच 'पुस्तकासाठी' विचारणाऱ्याच्या हाती गेला होता. पुढे तिला जो त्रास झाला तो पुस्तकाशी काडीइतकाही संबंधित नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी, स्कॅनर हातात देण्याआधी, हे सांगते. 'नाही'च्या पुढचं वाक्य इथेही आहे : "नाव सांगता येत नाही, पण तुमचं नाव आरक्षणाला लावते. पुस्तक आलं की तुम्हाला कळवू." स्वतःचा पासवर्ड कोणाला देऊ नकोस, दुसऱ्याचा वापरू नकोस, आणि उठताना स्क्रीन बंद कर, पाण्याच्या बाटलीपर्यंत जायचं असलं तरी.

दंडाचं थोडक्यात. माफ करण्याचा अधिकार तुला नाही आणि मित्रासाठी तर मुळीच नाही. रोख पैसे हातात घ्यायचेच झाले तर पावती फाडल्याशिवाय नाही. पण दंड वाढतोय म्हणून पुस्तक परत न करणारी मुलं असतात. आकडा जितका मोठा होतो तितकी ती दूर पळतात. असा कोणी दबकत विचारायला आला तर "आधी पुस्तक जमा कर, आकडा तिथेच थांबेल, बाकीचं सरांशी बोलू" असं सांग. आणि खरंच त्याला सोबत घेऊन वरिष्ठांकडे जा. चिडून भांडणारा आला तर आवाज चढवू नकोस. त्याचं कार्ड परत दे आणि आतून कोणाला तरी बोलाव. ते निस्तरणं कायम नोकरीतल्या माणसांचं काम आहे.

पुस्तक खरंच नसेल तेव्हा काय सांगायचं, हेही ठरवून ठेव. कॉम्प्युटरवर 'उपलब्ध' आहे आणि रॅकवर नाही, तर आधी परतीची ट्रॉली, मग अभ्यासिकेतली टेबलं, मग बाइंडिंगला गेलेल्यांची यादी, मग शेजारचे दोन कप्पे. इतकं बघून मिळालं नाही तर वाचकाचं नाव आणि बोधांक वहीत लिहून घे, दुसऱ्या दिवशी पुन्हा शोध. पीएच.डी.चा प्रबंध हवा असेल तर इन्फ्लिबनेटच्या शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध मोफत वाचता येतात, अनेक विद्यार्थ्यांना हे दुसरं वर्ष उजाडेपर्यंत माहीत नसतं. इंग्रजी जर्नलमधला लेख हवा असेल तर नियतकालिक विभागात पाठव. २०२५च्या जानेवारीपासून सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे सरकारी विद्यापीठांना पूर्वी न परवडणारी बरीच जर्नल्स आता खुली झाली आहेत.

ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा आहे वाचकाचा वेळ वाचवण्याचा. मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करता करता त्यांना जे दिसलं, त्यातून ते आले. तुला पाचही पाठ करायची गरज नाही. पण काउंटरवर उभा असलेला मुलगा बारा वाजताच्या तासिकेला पळणार आहे, एवढं लक्षात ठेवलंस की चौथा नियम आपोआप पाळला जातो. रांगेत तो असेल आणि पुढच्याची शोधाशोध लांबणार असेल, तर पुढच्याला "दोन मिनिटं बाजूला थांबता का" म्हणून आधी इश्यू उरकून घे.

आणि शेवटी तुझ्या स्वतःच्या हिशेबाचं. मस्टरवर सही रोज कर, आठवड्याच्या सह्या एकदम नको. वहीत स्वतःचे तास वेगळे लिहून ठेव, तारीख, आलो, गेलो. महिनाअखेरीला तास कमी धरले गेले तर ती वही दाखवता येते. बँक पासबुकाची प्रत आणि ओळखपत्राची झेरॉक्स पहिल्याच दिवशी दे, नाहीतर पहिलं मानधन अडकतं. तुझ्या परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी विभागप्रमुखांना दाखव, म्हणजे तुझ्या जागी कोणाला बसवायचं ते त्यांना ठरवता येईल. सोमवारी दहा मिनिटं आधी जा. काउंटरवर बसण्याआधी एकदा सगळ्या रॅकमधून चालून ये, आणि ८९१.४६३ कुठे आहे ते बघून ठेव.